एकतिसावं पोर

चाकणच्या आसपासच्या एखाद्या वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत डोकावा. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे भिंतीवर काळा फलक असतो: इयत्ता, मुले, मुली, एकूण, हजर. आकडे खडूचे, कारण ते सारखे बदलतात. एका गुरुजींना मी 'एकूण'पुढचा ३० चा ३१ करताना पाहिलं. अंगठ्यानं शून्य पुसलं, तिथं एक काढला. झालं!

पण काय झालं, ठाऊक आहे? शाळेचं वर्षाचं अनुदान अडीच पट झालं.

समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांना 'संयुक्त शाळा अनुदान' मिळतं. खडू, वीजबिल, झाडू, किरकोळ डागडुजी, सगळं त्यातच भागवायचं. योजनेच्या निकषांत पट ३० पर्यंत असेल तर १०,००० रुपये, ३० च्या वर गेला की २५,०००. म्हणजे तीस पोरांनी मिळून दहा हजार आणले आणि एकतिसाव्या एकट्यानं पंधरा! ते नांदेडहून वीटभट्टीवर आलेल्या मजुराचं असो की एमआयडीसीत नव्यानं लागलेल्या फिटरचं.

शंभरापुढे ५०,०००, अडीचशेपुढे ७५,०००, हजारापुढे १ लाख. जरा भागाकार करून बघा. ३१ मुलांच्या शाळेत डोईमागे आठशेवर रुपये पडतात आणि १,००१ मुलांच्या शाळेत शंभराच्याही आत. गाव फुगतं, तसा एकेकाच्या वाट्याचा खडू झिजत जातो.

आता शिक्षकांचं बघा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्यात प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत. इयत्ता चार असल्या तरी दोनच! ६१ व्या मुलाला तिसरा, ९१ व्याला चौथा. एका पोराच्या नावावर अख्खा माणूस, त्याच्या पगारासकट! मे महिन्याच्या उन्हात गुरुजी 'तुमची धाकटी यंदा सहाची झाली ना?' असं विचारत दारोदार का हिंडतात, कळलं? पट ६१ वर असताना कुणी दाखला मागायला आलं, की त्यांचा चहा कडू होतो.

आणि खिचडी? तिला पायऱ्याच नाहीत. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला १५०. पोर आलं की तांदूळ वाढला, इतकं सरळ. या सगळ्या हिशेबात पोराच्या बरोबरीनं चालणारं हे एकच खातं, आणि मला तेच सगळ्यात शहाणं वाटतं.

बाकी सगळं एका तारखेवर अडतं: ३० सप्टेंबर. त्या दिवशीच्या पटावर शिक्षकांची संच मान्यता ठरते. जणू वर्षातून एकदा निघणारा फोटो. आता ऊसतोडीला निघालेलं कुटुंब डोळ्यांसमोर आणा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ते गाव सोडतं. बीडच्या शाळेच्या फोटोत पोर आहे, वर्गात नाही. इकडे कारखान्याजवळच्या शाळेत ते वर्गात आहे, फोटोत नाही!

ज्या आकड्यामागे एवढा पैसा, त्यात लबाडी शिरणारच. एकच पोर दोन शाळांच्या पटावर, काही तर नुसती कागदावर. मग २०११ च्या ऑक्टोबरात, ३ ते ५ तारखेला, राज्यभर एकदम पटपडताळणी झाली. एका शाळेत मोजलेलं पोर दुसऱ्या शाळेत पुन्हा मोजलं जाऊ नये म्हणून काय केलं असेल? मतदारांसारखी बोटाला शाई लावली! मत द्यायला अजून दहा-बारा वर्षं अवकाश, पण बोट निळं. आता शाईच्या जागी आधार क्रमांक आला आहे.

राहिली वर्गखोली. ती पोरासोबत वाढत नाही, पायरीवरही वाढत नाही. तिचा प्रस्ताव जातो, अंदाजपत्रक होतं, मंजुरी येते, मग निधीची वाट बघायची. गुंठ्याचे भाव आभाळाला टेकलेल्या गावात जागा कोण देणार, हा आणखी वेगळा घोळ. तोवर चौथीचा वर्ग मारुतीच्या सभामंडपात भरतो. घंटा तिथं आधीपासून टांगलेलीच असते.