पिन बसते म्हणून जोडायची?

अतिदक्षता विभागातल्या एका खाटेभोवती मॉनिटर, सिरिंज पंप, व्हेंटिलेटर अशी यंत्रं उभी असतात आणि प्रत्येकाची केबल वेगळी, पिन वेगळी. मोबाइलच्या चार्जरची पिन आता जवळपास सगळीकडे एकच झाली, मग वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्याच का अडून बसतात, असा प्रश्न रुग्णाच्या नातेवाइकांना पडतो आणि रुग्णालयाच्या खरेदी समितीलाही. तक्रारीत तथ्य आहे. आपल्याच केबल खपाव्यात म्हणून मुद्दाम वेगळी पिन ठेवण्याचा धंदा काही गुपित नाही. पण त्यावर सुचवला जाणारा उपाय, म्हणजे कशालाही काहीही जोडता यावं, हा मात्र पहिला आणि सर्वांत महागात पडलेला गैरसमज आहे.

तो महागात कसा पडला, याची नोंद अमेरिकेत आहे. 1980च्या दशकात ईसीजीच्या लीडच्या, म्हणजे रुग्णाच्या छातीवरून मॉनिटरकडे जाणाऱ्या वायरच्या, टोकाला उघडी धातूची पिन असे. ती मॉनिटरच्या केबलमध्ये बसे, तशीच विजेच्या सुट्या वायरच्या सॉकेटमध्येही बसे. 1986 साली सिएटलच्या एका रुग्णालयात चार वर्षांच्या मुलीच्या छातीवरच्या लीड मॉनिटरऐवजी थेट विजेच्या वायरला जोडल्या गेल्या. 1993 मध्ये शिकागोत बारा दिवसांच्या बाळाच्या बाबतीत तेच घडलं. दोन्ही मुलं दगावली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या, म्हणजे एफडीएच्या नोंदीनुसार 1985 ते 1994 या काळात 24 मुलांना असा झटका बसला आणि त्यातली पाच मरण पावली.

पहिल्या घटनेनंतर इशारे निघाले, सूचना गेल्या. कर्मचाऱ्यांनी काळजी घ्यावी, हे सांगणं सोपं आणि फुकट असतं. रात्रपाळीला, अंधारात, रडणाऱ्या बाळाशेजारी उभ्या असलेल्या सिस्टरच्या हातात जर बसणारी पिन दिली, तर ती कधी ना कधी चुकीच्या जागी बसणारच. अखेर 1997 मध्ये एफडीएने सक्तीचं मानक आणलं: लीडचं यंत्राकडचं टोक वीजप्रवाहाला स्पर्शच करू शकणार नाही अशा घडणीचं हवं. आज लीडच्या टोकाचा धातू प्लास्टिकच्या खोबणीत आत दडलेला दिसतो, तो त्यामुळे.

नळ्यांची गोष्टही याच जातीची. सिरिंज आणि सुई जोडणारा ल्युअर जोड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या ल्युअर कंपनीतून आला. सहा टक्के उताराचा शंकूसारखा तो जोड इतका सोयीचा ठरला, की सलाइनला तोच, नाकातून पोटात जाणाऱ्या नळीला तोच, मणक्यातल्या सुईला तोच आणि काही रक्तदाबाच्या पट्ट्यांच्या हवेच्या नळीलाही तोच. परिणाम व्हायचा तो झाला. पोटात जायचं दूध शिरेत गेलं, शिरेत द्यायचं औषध मणक्यात गेलं, पट्ट्याची हवा थेट रक्तात गेली. आता आयएसओ 80369 ही मानकांची मालिका प्रत्येक वापराला वेगळा आकार देते, आणि एका वापराचा जोड दुसऱ्यात बसू नये हीच तिची मुख्य अट आहे. जोडणीयोग्य उपकरण घडवणाऱ्या डिझायनरचं अर्धं काम काय जोडलं जाऊ नये हे ठरवण्यात जातं.

दुसरा गैरसमज जास्त चिवट, कारण तो लगेच उघडा पडत नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा प्रोब बाजारातून स्वस्तात आणला, पिन बसली, पडद्यावर आकडा आला. म्हणजे जुळलं, असं सर्रास धरलं जातं. हा प्रोब म्हणजे नुसती चिमट्यातली वायर नव्हे. तो साधारण 660 नॅनोमीटरचा लाल आणि 940च्या आसपासचा अवरक्त प्रकाश बोटातून सोडतो आणि दोन्ही किती शोषले गेले त्यावरून ऑक्सिजनची टक्केवारी निघते. दिव्यांची तरंगलांबी बनवताना थोडी इकडेतिकडे होते. म्हणून कित्येक कंपन्या प्रोबमध्येच एक छोटा रोधक किंवा चिप बसवतात; ती यंत्राला सांगते, की हे दिवे नेमके कोणते आणि गणित कोणतं वापरायचं. नऊ पिनांचा तोच सॉकेट अनेक कंपन्या वापरतात, पण आतली जुळणी वेगळी. मग 97 च्या जागी 93 दिसू शकतं किंवा उलट, आणि दोन्ही आकडे तितकेच खरे वाटतात. विजोड प्रोब तापून रुग्णाचं बोट भाजल्याच्या घटनाही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत.

'दोन्ही यंत्रं प्रमाणित आहेत, मग जोडली तर बिघडलं कुठं?' हा तिसरा. प्रत्येक विद्युत उपकरणातून थोडा प्रवाह गळतोच. वैद्यकीय विद्युत उपकरणांसाठीचं आयईसी 60601-1 हे मानक त्याला मर्यादा घालतं: हृदयाशी थेट संबंध येऊ शकणाऱ्या भागातून रुग्णापर्यंत पोचणारी गळती नेहमीच्या स्थितीत 10 मायक्रोअँपिअरच्या वर जाता कामा नये. ही मर्यादा इतकी कडक, कारण त्वचा ओलांडून थेट हृदयाला भिडलेला अगदी थोडा प्रवाहही ठोके बिघडवू शकतो. आता मॉनिटर, त्याला लावलेला साधा संगणक आणि प्रिंटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. बोर्डची अर्थिंग तुटली, की तिघांची गळती एकत्र होऊन जो कुणी हात लावेल त्याच्यातून वाट काढते. म्हणून मानकाच्या दृष्टीने जोडणी केली त्या क्षणी एक नवी यंत्रणा जन्माला येते आणि तिची तपासणी वेगळी करावी लागते. जोडणाऱ्याची ही जबाबदारी बहुतेक ठिकाणी कुणाच्याच कामाच्या यादीत नसते.

मॉड्यूलर, म्हणजे मोजणीचे खण हवे तसे बसवता येणाऱ्या मॉनिटरचंही तसंच. चौकटीत आज ईसीजीचा खण, पुढच्या वर्षी कार्बन डायऑक्साइड मोजणारा खण, ही कल्पना उत्तमच. पण पुढच्या वर्षीच्या खणाला आजचं सॉफ्टवेअर ओळखेल, हे गृहीत धरू नये. सुसंगत आवृत्त्यांची यादी लेखी घेतलेली बरी.

तारांचा प्रश्न सुटला, की माहितीचा सुरू होतो. निविदेत 'एचएल7 सुसंगत' (एचएल7 म्हणजे आरोग्यमाहितीच्या देवाणघेवाणीची मानकं) असे दोन शब्द टाकले, की यंत्रं एकमेकांशी बोलू लागतील असा समज असतो. आकडा पोचणं आणि अर्थ पोचणं यांत अंतर आहे. रक्तातली साखर भारतात मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये सांगतात, ब्रिटनमध्ये मिलिमोलमध्ये. इथले 126 म्हणजे तिथले 7. एकक न सांगता आलेला आकडा निरुपयोगीच नाही, तर घातक आहे. त्याहून बारीक फरक नाडीचा. वैद्यकीय उपकरणांच्या संवादासाठीच्या आयईईई 11073 या मानकाच्या संज्ञावलीत ईसीजीवरून मोजलेले ठोके आणि ऑक्सिमीटरने बोटात मोजलेली नाडी यांना दोन स्वतंत्र सांकेतिक क्रमांक आहेत. हा काटेकोरपणा उगाच नाही. हृदयाची लय बिघडलेल्या रुग्णात काही ठोके इतके दुबळे असतात, की बोटापर्यंत पोचतच नाहीत. ईसीजी 130 दाखवतो, बोट 95. दोन्ही बरोबर, आणि हा फरक हेच डॉक्टरांसाठी निदानाचं साधन. दोन्ही आकडे 'हार्ट रेट' या एकाच रकान्यात ओतणारं सॉफ्टवेअर तेच पुसून टाकतं. भारतात आयुष्मान भारत डिजिटल मिशनसाठी आरोग्यनोंदींची एफएचआयआर या एचएल7च्याच मानकातली रूपं ठरवण्याचं काम पुण्याच्या सी-डॅकमधलं राष्ट्रीय केंद्र करतं, ते अशाच बारकाव्यांचं आहे.

जोडणी वाढली की सुरक्षितता आपोआप वाढते, हाही भाबडेपणा. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने 2013 मध्ये दिलेल्या इशाऱ्यात नोंद आहे, की रुग्णालयात वाजणाऱ्या अलार्मपैकी 85 ते 99 टक्क्यांना कुणी काही करण्याची गरजच नसते. एवढ्या किणकिणाटात खरा अलार्म कानांवर पडूनही ऐकू येत नाही.

पण न जोडण्यानेही माणसं मेली आहेत. अमेरिकेत पित्ताशयाच्या एका शस्त्रक्रियेत एक्स-रे स्वच्छ यावा म्हणून भूलतज्ज्ञाने व्हेंटिलेटर क्षणभर थांबवला. टेबलाखालची फिल्म अडकली, सगळे ती काढण्यात गुंतले आणि व्हेंटिलेटर सुरू करायचा राहिला. तरुण रुग्ण वाचली नाही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले भूलतज्ज्ञ ज्युलियन गोल्डमन यांच्या गटाने, जो 2004 पासून उपकरणांच्या जोडणीवर काम करतो, त्यावर सुचवलेला उपाय साधा होता: दोन श्वासांमधल्या विरामाची वेळ व्हेंटिलेटरने एक्स-रे यंत्राला कळवायची, म्हणजे तो थांबवावाच लागणार नाही. अशा जोडणीची चौकट सांगणारं एएसटीएम या मानकसंस्थेचं मानक 2009 मध्ये आलं.

जोडणीबरोबर घुसखोरीचा धोकाही येतो. 'आमचा मॉनिटर कोण हॅक करणार?' याचं उत्तर जानेवारी 2025 मध्ये मिळालं. काँटेक कंपनीच्या सीएमएस8000 या मॉनिटरच्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरच्या एका ठरावीक पत्त्याशी संपर्क साधणारं चोरदार असल्याचं अमेरिकेच्या सायबरसुरक्षा संस्थेने जाहीर केलं. सुरक्षेची दुरुस्ती टाकायची तर उपकरणाला पुन्हा मंजुरी लागते, ही समजूतही खोटी. बहुतेक दुरुस्त्यांना ती लागत नाही, असं एफडीए वर्षानुवर्षं सांगत आलं आहे.

मग सगळं सामान एकाच कंपनीचं घ्यावं का? विक्रेते तेच सांगतील. मधुमेहाच्या उपकरणांनी मात्र दुसरी वाट दाखवली. एफडीएने 2018 मध्ये डेक्सकॉम जी6 या साखरमापकाला आणि 2019 मध्ये टँडमच्या टी:स्लिम एक्स2 इन्सुलिन पंपाला इतर कंपन्यांच्या उपकरणांशी जोडण्यायोग्य घटक म्हणून मान्यता दिली. मापक, पंप आणि त्यांच्यामधलं गणित यांची प्रत्येकाची कसोटी वेगळी लिहिली गेली. या वाटेवर आधी चालले ते रुग्णच. स्वतः मधुमेही असलेल्या डॅना लुईस यांनी 2015 मध्ये मापक आणि पंप जोडणाऱ्या ओपनएपीएस या यंत्रणेचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. त्यातली एक तरतूद प्रत्येक डिझायनरने पाहावी अशी आहे: गणित पंपाला कायमचा हुकूम देत नाही, फक्त तीस मिनिटांपुरता तात्पुरता वेग सांगतं. मापकाचा सिग्नल तुटला, फोन बंद पडला, बॅटरी संपली, तर नवा हुकूम येत नाही; जुन्याची मुदत संपते आणि पंप डॉक्टरांनी आधी ठरवून दिलेल्या मूळ वेगावर परततो.