पेरणे फाट्यावरची एक जानेवारी

३१ डिसेंबर, दुपार. कोरेगावच्या लढाईच्या जयस्तंभाला एक जानेवारीला अभिवादन होतं, तिथे पुस्तकांचा स्टॉल लावायचा तर माल आदल्या दिवशीच उतरवावा लागतो. नंतर नगर रस्त्यावरची वाहतूक वळवतात, मग टेम्पोवाला पुढे यायला राजी नसतो. गठ्ठे उतरवायचे, ताडपत्री ताणायची, बल्ब लागतो का बघायचा. भीमेचं पात्र जवळ असल्यामुळे रात्री दव पडतं आणि पातळ पुस्तिकांची मुखपृष्ठं वळतात. म्हणून वर प्लास्टिक, त्यावर सतरंजी.

रात्री साडेआठ. १८१७ साली, लढाईच्या आदल्या रात्री, याच सुमाराला ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली होती. आम्ही मात्र पिठलं-भाकरी खाऊन पाठ टेकतो.

बारा वाजता झोप मोडतेच. पुण्याकडच्या आभाळात नव्या वर्षाचे फटाके, आणि इथे स्तंभापुढे मेणबत्त्या. दूरच्या जिल्ह्यांतली माणसं मुक्कामालाच आलेली असतात.

पहाटे पाच. पहिलं गिऱ्हाईक हमखास दिनदर्शिकेचं. एक जानेवारी आमच्या धंद्याला अशी पावते.

सहा-साडेसहा. बुद्धवंदना सुरू झाली की विक्री थांबवतो. मग महार रेजिमेंटचे निवृत्त जवान आणि समता सैनिक दल यांची मानवंदना. या संचलनाची तयारी स्टॉलमागच्या मोकळ्या जागेत चालते, ती बघण्यासारखी असते. एक वयस्क सुभेदार कोटावरची पदकांची पट्टी पुनःपुन्हा चाचपत होते. टाचणी वाकली होती. माझ्या गल्ल्यातली सेफ्टीपिन दिली, तर म्हणाले, "पट्टी तिरकी दिसली तर पोरं हसतील." पोरं म्हणजे साठीतले हवालदार! रांग लागली, हुकूम सुटला आणि सगळे गुडघे एकदम सरळ झाले.

दहा. स्टॉन्टनची माणसं रात्रभर चालून या वेळेला कोरेगावजवळ पोचली आणि नदीपलीकडे पेशवे बाजीराव दुसऱ्याची फौज दिसली. माझ्यापुढेही आता नुसती माणसंच. पीएमपीच्या बसगाड्या पार्किंगपासून लोकांना आणून सोडतात, आणि तिथून निळ्या टोप्यांची रांग हलत राहते. संविधान, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म', फुल्यांचं 'गुलामगिरी'. "दादा, मोठ्या अक्षरातलं आहे का?" असं विचारणाऱ्या मावशी स्वतःसाठी घेत असतात, नातवासाठी नाही. दीडशेचं पुस्तक मागणारा दोनशेचा माल घेऊन जातो, उरलेले पन्नास पुस्तिकांत जिरवतो. सुट्ट्यांची ओढाताण क्यूआर कोडने कमी केली, पण गर्दीत नेटवर्क बसतं आणि पुन्हा चिल्लरच कामाला येते.

दुपारी दोन. जेवण उभ्यानेच. याच वेळी वाद घालणारे येतात. एका कॉलेजच्या मुलाने विचारलं, "ते तर कंपनीसाठी लढले. मग सलामी कशाला?" प्रश्न वाईट नाही. कंपनीने स्तंभ बांधला तो स्वतःच्या विजयासाठीच. पण त्यावर तिने साध्या शिपायांची नावं कोरली, आणि पडलेल्या ४९ जणांपैकी २२ नावं 'नाक'ने संपणारी, म्हणजे महारांची आहेत. बाकीच्यांत इतर जातिधर्मांची माणसं आहेत, हेही सांगायला हवं. भाषणांतले ५०० महार विरुद्ध पेशव्यांचे २८,००० हे आकडे मला पटत नाहीत. कंपनीकडचे आठशेवर होते, सगळे महार नव्हते. पेशव्यांचीही सगळी फौज कोरेगावात शिरली नव्हती, आणि जी शिरली तिच्यात अरब मोठ्या संख्येने होते. पण पुढचा इतिहास ठाऊक असल्याशिवाय ही सलामी कळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी ती उघडावी म्हणून अर्ज केले. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर इथे आले, ते स्वतः सुभेदाराचे चिरंजीव. महार रेजिमेंट उभी राहिली १९४१ मध्ये, आणि तिच्या पहिल्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता. स्तंभ कंपनीचा, पण त्याचा अर्थ लोकांनी लावला. माझ्या मते तो लावायचा त्यांना पुरता हक्क आहे.

मुलाने दोन पुस्तकं घेतली, त्यातलं एक उलट्या बाजूचं. दोन्ही बाजूंची ठेवतो मी.

चार. काही मंडळी वढू बुद्रुकला संभाजी महाराजांच्या समाधीकडे जातात. २०१८ च्या दंगलीनंतर या रस्त्यावर पावलोपावली पोलीस असतात. त्या वर्षी दोनशे वर्षं झाली म्हणून गर्दी मोठी होती. आता एक जानेवारी म्हटलं की बातम्यांत आधी बंदोबस्ताचा आकडा येतो, कार्यक्रमाचं नंतर. याची चीड येते.

रात्री नऊ. लढाईतला मारा याच सुमाराला थांबला होता. सैनिकांच्या पोटात दिवसभर अन्न नाही, पाणीही नाही. आमचे गठ्ठे निम्मे झालेले, आवाज बसलेला. उरलेला माल डॉ. आंबेडकर जयंतीपर्यंत घरात.

यायचं असेल तर एक तारखेला जरूर या. पण रांगेत स्तंभापाशी उभं राहायला वेळ मिळत नाही, मागून ढकलतात. नावं वाचायची असतील तर फेब्रुवारीतल्या एखाद्या साध्या वारी या. संगमरवरावर मराठीतही कोरलेली आहेत, सावकाश वाचता येतात.