वडिलोपार्जित घराची विक्री आणि ताणतणावांचे व्यवस्थापन : एक विवेचन

प्रस्तावना :
अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या मूलभूत गरजा मानल्या जातात. यांपैकी निवारा ही केवळ भौतिक गरज नाही. मराठी कुटुंबात घराला 'वास्तू' म्हटले जाते, प्रवेशापूर्वी तिची शांत केली जाते आणि वास्तू 'तथास्तु' म्हणते म्हणून घरात अभद्र बोलू नये, असे वडीलधारी माणसे बजावतात. अशा वास्तूची विक्री हा केवळ आर्थिक व्यवहार राहत नाही. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस अथवा परदेशी स्थायिक झालेली मुले, गावाकडील घरात एकटी राहणारी वृद्ध आई आणि दुरुस्तीअभावी खचत चाललेल्या भिंती हे चित्र आज महाराष्ट्रात सर्वत्र दिसते. अशा घराच्या विक्रीत निर्माण होणाऱ्या ताणाचे स्वरूप, त्याची कारणे आणि त्याचे व्यवस्थापन यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ताणाचे स्वरूप :
थॉमस होम्स व रिचर्ड राहे या अमेरिकन संशोधकांनी १९६७ साली जीवनातील ४३ घटनांची श्रेणी प्रसिद्ध केली. तीत जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण असून निवासस्थान बदलण्यास केवळ २० गुण आहेत. घरविक्री ही सौम्य घटना आहे, असे यावरून प्रथमदर्शनी वाटते. परंतु ती एकटी येत नाही. आर्थिक स्थितीतील बदल (३८) आणि राहणीमानातील बदल (२५) तिच्यासोबत येतात. विक्रीचा विषय वडिलांच्या निधनानंतर निघाला असेल, तर मुलांच्या बाबतीत निकटच्या आप्ताचा मृत्यू (६३) आणि आईच्या बाबतीत पतीचा मृत्यू (१००) हे भारही त्यात मिळतात. एकाच घरातील आई व मुलगा एकाच व्यवहाराकडे भिन्न मनःस्थितीतून पाहतात, याचे एक कारण येथे सापडते.

मात्र केवळ गुणांच्या बेरजेने ताण मोजता येत नाही. रिचर्ड लॅझारस व सुझन फोकमन यांनी १९८४ साली मांडल्याप्रमाणे, व्यक्ती घटनेचा अर्थ कसा लावते आणि तिला तोंड देण्याची आपली क्षमता किती समजते, यावर ताण अवलंबून असतो. त्यांनी सामना करण्याचे दोन प्रकार सांगितले : समस्याकेंद्री व भावनाकेंद्री. घरविक्रीत कागदपत्रांची अडचण पहिल्या प्रकाराने सुटते, तर घर सुटल्याचे दुःख दुसऱ्या प्रकारानेच हलके होते. दुःखावर कागदांचा उपाय करणे आणि कागदांच्या अडचणीवर केवळ सांत्वन करणे, या दोन चुकांमुळे ताण वाढतो.

किंमत आणि मोह :
घराच्या किमतीवरून होणारे मतभेद हे ताणाचे दुसरे प्रमुख कारण होय. आपल्या मालकीची वस्तू माणसाला अधिक मोलाची वाटते. या प्रवृत्तीला रिचर्ड थेलर यांनी १९८० साली 'स्वामित्व परिणाम' अशा अर्थाची संज्ञा दिली. पुढे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कानेमन, नेच व थेलर यांना असे आढळले की, साधा कॉफीचा मग विकणाऱ्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीहून अधिक होती. काही मिनिटांपूर्वी हाती आलेल्या मगाविषयी जर ही स्थिती असेल, तर ज्या घरात तीन पिढ्यांची लग्ने झाली त्याविषयी काय सांगावे? बोस्टन येथील सदनिकांच्या व्यवहारांवरील २००१ च्या अभ्यासात जेनेसोव्ह व मेयर यांनी दाखविले की, तोटा होण्याची शक्यता असलेले विक्रेते किंमत चढी ठेवतात आणि त्यांची घरे अधिक काळ विक्रीविना राहतात. लांबलेली प्रतीक्षा हा स्वतंत्र ताण ठरतो.

वारसाहक्क आणि माहेर :
आपल्याकडे या ताणाला एक खास परिमाण आहे. हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार मृत्युपत्र न करता निधन पावलेल्या पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत विधवा, मुलगे व मुली समान वारस ठरतात. तथापि कुटुंबीय राहत असलेल्या घराचे वाटप भाऊ स्वतः करीपर्यंत मुलीला मागता येत नव्हते. २००५ च्या दुरुस्तीने हे कलम वगळले गेले आणि एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतही मुलीला जन्मतः हक्क मिळाला. महाराष्ट्राने १९९४ सालीच याची मर्यादित सुरुवात केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली, वडील २००५ पूर्वी निवर्तले असले तरी मुलीचा हा हक्क अबाधित असल्याचे स्पष्ट केले.

कायदा स्पष्ट झाला तरी मनातील प्रश्न संपला नाही. बहिणीने वाटा मागितला तर 'माहेर तुटेल' ही भीती आणि हक्कसोडपत्रावर सही केली तर मनात राहणारी खंत, अशा कोंडीत अनेक स्त्रिया सापडतात. घर विकले की भावासाठी एक मालमत्ता जाते, बहिणीसाठी मात्र दिवाळीला व बाळंतपणाला येण्याचे ठिकाण जाते. समजा, दोन भावांनी विक्री ठरवून बहिणीला केवळ सहीसाठी बोलावले. अशा वेळी ती रकमेपेक्षा 'मला विचारले नाही' या गोष्टीने दुखावते. सही लांबते, ग्राहक परत जातो आणि दोष तिच्यावर येतो. वास्तविक येथे चूक क्रमाची असते. तिचे मत विक्री ठरण्यापूर्वी विचारले जाणे आवश्यक असते.

व्यवस्थापनाचे उपाय :
१) निर्णयापूर्वी सर्व वारसांची आईसह बैठक घ्यावी. आई पुढे कोठे राहील आणि तिच्या वाट्याची रक्कम कोणाच्या नावे राहील, हे प्रथम लेखी ठरवावे. तिचा वाटा तिच्याच खात्यावर राहणे हितावह होय.
२) एखाद्या वारसास घर ठेवायचे असेल तर त्याला पहिली संधी द्यावी. सहवारसांच्या अशा अग्रहक्काची तरतूद १९५६ च्या कायद्यातही आहे.
३) किंमत भावंडांनी न ठरविता त्रयस्थ मूल्यांककाकडून ठरवून घ्यावी आणि खालची मर्यादा व मुदत आधीच निश्चित करावी.
४) ग्राहक शोधण्यापूर्वी मालमत्ता पत्रक अथवा सातबारा उताऱ्यावर वारसनोंद, करपावती, मूळ खरेदीखत आणि वकिलाचा शोध अहवाल तयार ठेवावा. परदेशस्थ वारसाचे मुखत्यारपत्र राज्यात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावे लागते.
५) साठेखत व खरेदीखत यांतील फरक सर्वांना समजावून द्यावा. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ नुसार केवळ साठेखताने मालकी जात नाही. ताबा पूर्ण रक्कम मिळाल्यावरच द्यावा आणि रक्कम बँकेमार्फत घ्यावी.
६) कामे वाटून घ्यावीत. सर्व धावपळ गावातील एकाच भावावर पडली की त्याचा थकवा पुढे संशयाच्या व आरोपांच्या रूपाने बाहेर पडतो.

निरोपाचे महत्त्व :
मार्क फ्राइड यांनी १९६३ साली बोस्टनच्या वेस्ट एंड वस्तीतून हलविलेल्या रहिवाशांविषयी लिहिताना, गमावलेल्या घरासाठी माणूस शोक करतो, हे दाखवून दिले. शोकाला वाट हवी असते. देवघरातील देव विधिपूर्वक हलविणे, तुळस नव्या अंगणात वा गॅलरीत नेणे, सर्व भावंडांनी एकत्र जेवणे, भांडी व छायाचित्रे परस्परांच्या संमतीने वाटून घेणे हे उपाय साधे आहेत. त्यांसाठी ताबा देण्यापूर्वी किमान काही दिवस राखून ठेवावेत. आवराआवर घाईने उरकल्यास वृद्ध व्यक्तीस आपणही सामानासारखेच हलविले गेलो, असे वाटण्याचा संभव असतो.

समारोप :
वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, घरविक्रीचा ताण पूर्णतः टाळता येत नाही, परंतु त्याचे विभाजन करता येते. कागदपत्रांचा ताण पूर्वतयारीने, किमतीचा ताण त्रयस्थ मूल्यांकनाने, नात्यांचा ताण वेळीच विचारल्याने आणि वियोगाचा ताण योग्य निरोपाने कमी होतो. यांतील पहिले दोन उपाय वकील व मूल्यांकक करू शकतात, उरलेले दोन मात्र कुटुंबालाच करावे लागतात. विक्रीनंतर भावंडे एकमेकांच्या घरी पूर्वीप्रमाणे येत-जात असतील आणि बहिणीला दिवाळीचे बोलावणे जात असेल, तर तो व्यवहार खऱ्या अर्थाने यशस्वी झाला असे समजावे.