मोडीचे वळण आणि गरिबाचा कागद

सुंदर हस्ताक्षराची गोष्ट निघाली म्हणजे शाळेतला कित्ता आठवतो. परंतु आपल्या भाषेत एक संपूर्ण लिपीच भरभर लिहिता यावे म्हणून वापरात होती. ती मोडी. आम्ही चळवळीतली माणसे तिच्याकडे वळलो ते सौंदर्याच्या ओढीने नव्हे, कागदाच्या अडचणीने.

यादवांचा प्रधान हेमाडपंत याने तेराव्या शतकात मोडी रूढ केली, असे परंपरा सांगते. बाळबोधीत अक्षरागणिक हात उचलावा लागतो. मोडीत आधी पानभर आडवी रेघ आखतात आणि तिच्याखाली, बोरू शक्यतो न उचलता, अक्षरे ओढत नेतात. म्हणून अक्षरांना गोलाई आली, काना-वेलांटी अक्षरातच मिसळली. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा नाही, शब्दाशब्दांत जागा नाही, विरामचिन्हे नाहीत. तिरक्या कापलेल्या बोरूची रेघ कोठे जाड, कोठे बारीक उमटते आणि पान नक्षीसारखे दिसते. इंग्रजी अमदानीत टाक आला, तशी ही शोभा ओसरली.

ही लिपी पोथीची नव्हे, कारभाराची. पत्रे, हिशेब, जमिनीचे कागद तिच्यात लिहिले गेले. नागपूरकर भोसल्यांचा कारभारही मोडीतच चाले, आणि आपला मुलूख त्यांच्याच राज्यात होता. विल्यम केरीने 1810 साली श्रीरामपूरला मराठी कोश मोडी खिळ्यांनी छापला. पण जोडून वाहणारे अक्षर सुट्या खिळ्यांत बसवणे अवघड. छपाईत बाळबोध जिंकली. 1950 नंतरच्या काळात शाळांतूनही मोडी गेली. 2014 साली युनिकोडमध्ये तिला जागा मिळाली, त्यामुळे आज संगणकावर मोडी उमटते. मात्र लेखनिकागणिक बदलणारे वळण वाचायला माणूसच लागतो.

आता अडचण सांगतो. विडी वळणारी एक बाई मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी आजेसासऱ्याचा जुना कागद घेऊन आमच्याकडे आली. इतर मागास वर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात. पुरावा तिच्या हातात होता. तो वाचील असा कोणी नव्हता. तिच्याजवळ होते ते तिलाच कळत नव्हते, आणि वाचणाऱ्याच्या शोधात मुलाच्या प्रवेशाची मुदत निघून गेली. 2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा मोडी वाचकांची गरज साऱ्या महाराष्ट्राला दिसली.

न वाचता अंगठा उठवू नका, असे आम्ही कामगारांना नेहमी सांगतो. मग घरच्या पेटीतला कागद तरी न वाचलेला का राहावा? राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते. गोंदियातल्या दहा तरुणांनी ही लिपी शिकून घ्यावी. कागद घेऊन येणारी माणसे आम्ही त्यांच्याकडे पाठवू.