जागेवरची सायकल आणि शिकवणारी ताई

किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा उद्योग १८८८च्या सुमारास बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरू झाला. त्यांचे बंधू रामुअण्णा सायकली विकत आणि चालवायलाही शिकवत. आज सातारा-सांगलीकडं एखाद्या बचत गटानं जागेवरच्या सायकलींचा व्यायामवर्ग काढला, तर तोही शिकवण्यावरच टिकेल.

पहिलं काम सीटचं. पायडल अगदी खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. सीट फार खाली असेल तर गुडघ्यावर ताण येतो. फार वर असेल तर कंबर डावी-उजवी हलते.

दुसरं, या सायकलचं चाक जड असतं. बऱ्याच सायकलींत पाय थांबवला तरी पायडल फिरतच राहतं. म्हणून ब्रेक आधी शिकवा. पदर, ओढणी घट्ट खोचायला लावा.

मग वेग. पाच मिनिटं सावकाश. नंतर गाण्याच्या ठेक्यावर एक मिनिट जोर, दोन मिनिटं हलकं, असं चार-पाच वेळा. शेवटी पुन्हा पाच मिनिटं सावकाश. किती घट्ट करायचं ते मात्र जिचं तिनं ठरवावं. भांगलून आलेली आणि दिवसभर शिवणयंत्रावर बसलेली एका मापानं चालणार नाहीत. बोलताच येईना, तर जोर कमी करा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर थांबवा आणि दवाखाना गाठा. बीपी, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि कर्ज काढून दहा सायकली घेण्याआधी दोन सायकलींवर पाळीपाळीनं महिनाभर वर्ग चालवून बघा. किती जणी टिकतात, त्यावर पुढचा हिशेब मांडा.