वासराची पहिली गार

मराठीत ‘गार’ हा शब्द तीन ठिकाणी राबतो. थंड ते गार. आभाळातून पडते ती गार. आणि रानात सापडणारा पांढरा, कठीण दगड तोही गारच. त्याच्या लहानग्या तुकड्याला आपण गारगोटी म्हणतो. या शब्दांची मुळे एक की निरनिराळी हे पंडितांनी ठरवावे. ज्याच्या पाठीवर गार पडते त्याला मात्र थंडी आणि दगड या दोन्ही गोष्टींचा अनुभव एकदमच येतो.

हिम आपण चित्रात पाहतो, सिनेमात पाहतो, कोणी काश्मीरला जाऊन आले तर त्यांच्या छायाचित्रांत पाहतो. भुरुभुरु पडणारा कापूस आणि त्यात बागडणारे एखादे पिल्लू, असे ते चित्र असते. वऱ्हाडातल्या जनावराच्या नशिबी ते हिम नाही. आभाळातला बर्फ त्याला भेटतो तो गारेच्या रूपाने, आणि तोही बहुधा माघ ते चैत्र या दोन-तीन महिन्यांत, म्हणजे गहू-हरभरा शेतात उभा किंवा नुकता सोंगलेला असतो तेव्हा. ही पहिली भेट वासराला आणि करडाला कशी होते, त्यांच्या अंगात तेव्हा काय घडते, आणि त्यात कोण वाचते व कोण जाते, एवढेच मला सांगायचे आहे. मी प्राणिशास्त्राचा पदवीधर नव्हे. शेतमजुरांच्या संघटनेच्या कामासाठी गावोगाव फिरताना जे पाहिले, त्याचा उलगडा करून घेण्यासाठी पुस्तके चाळली आणि पशुवैद्यांना प्रश्न विचारून भंडावले. त्यातून जमलेली ही पुंजी.

मंगरुळपीर तालुक्यातले आसेगाव आज वाशीम जिल्ह्यात आहे. १९९८ साली जिल्हा वेगळा झाला, तोवर ते अकोल्याचे होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्राच्या बहुतेक भागांना गारपिटीने झोडपले, ते आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. त्या दिवसांत एका दुपारी मी तिथल्या एका शेतकऱ्याच्या ओसरीवर बसलो होतो. समोर अंगणात लिंबाखाली गाय बांधलेली, आणि तिचे दहा-बारा दिवसांचे वासरू मोकळे. दुपारभर उकाडा होता. मग वारा पडला, पश्चिमेकडून काळे आभाळ चढले, आणि टिनाच्या छपरावर कोणी खडे मारावेत तसा एक आवाज झाला, मग दुसरा.

पहिली गार वासरापासून हातभर अंतरावर पडून उडाली. त्याने कान पुढे केले, नाकपुड्या फुगवल्या, मान लांब करून तिचा वास घेतला आणि जीभ लावली. जीभ लावताच असे काही दचकले की चारी पाय एकदम उचलले गेले! आम्ही हसलो. तेवढ्यात एक त्याच्या पाठीवर बसली. त्याने मागे वळून पाहिले; मारणारा कोणीच दिसेना. ढुशी देणारी म्हैस समोर असते, काठी मारणारा माणूस दिसतो; या माराला धनीच नव्हता. मग गारांचा मारा सुरू झाला, बोराएवढ्या, पुढे लिंबाएवढ्या. वासरू शेपूट उभारून अंगणात दोन फेऱ्या वेड्यासारखे पळाले आणि शेवटी आईच्या पोटाखाली घुसले. गाय मात्र वाऱ्याकडे पाठ करून, मान खाली घालून उभी होती. तिने हे पूर्वी पाहिले असावे. दहा मिनिटांत सारे थांबले, अंगण पांढरे झाले, आणि वासरू पुन्हा बाहेर येऊन त्या पांढऱ्यावर पाय झटकीत चालू लागले. आम्ही पुन्हा हसलो. शेजारची एक म्हातारी तेवढी हसली नाही. ती म्हणाली, “हासता काय भाऊ, त्याले आधी पुसा. माराने नाही मरत ते, ओलं राहून मरते.”

तिच्या या एका वाक्याचा अर्थ मला पुरता कळायला पुढे काही वर्षे लागली.

प्रथम माराचे पाहू. हिमाचा कण हवेतून माणसाच्या चालीने खाली येतो, ताशी चार-पाच किलोमीटर. लिंबाएवढी गार ताशी चाळीस ते साठ किलोमीटर वेगाने येते. कारण ती मुळात निराळ्या कारखान्यात तयार होते. उन्हाळ्याच्या तोंडी जमीन तापते, दमट हवा जोराने वर चढते आणि वरच्या थरात पश्चिमेकडून आलेली कोरडी थंड हवा असली म्हणजे ढग उंचच उंच वाढतो. त्याच्या वरच्या भागात पाणी शून्य अंशाखाली जाऊनही थेंबांच्याच रूपात राहते आणि बर्फाचा कण भेटताच त्याला चिकटून गोठते. वर जाणारा झोत त्या कणाला तोलून धरतो, थरावर थर चढतात, आणि वजन झोताला पेलेनासे झाले की गार कोसळते. मोठी गार मधोमध कापली तर कांद्यासारखी कडी दिसतात, एक दुधाळ, एक काचेसारखे. आषाढ-श्रावणात ढग काही कमी नसतात, पण तेव्हा वरपर्यंत हवा उबदार असते, झोतही सहसा एवढा जोराचा नसतो, आणि गार झालीच तर वाटेतच वितळून जाते.

मोठ्या गारेने जनावरे मरतात, यात शंका नाही. पाखरे तर झाडांखाली खच पडावा तशी मरतात. परंतु बोराएवढ्या गारेने जे वासरू मरत नाही, ते त्याच रात्री गोठ्यात मरून पडलेले सापडते, याचे कारण म्हातारीच्या वाक्यात आहे.

एक ग्राम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. पण एक ग्राम पाण्याची वाफ व्हायला जवळजवळ ५८० लागतात, म्हणजे सातपट. ही उष्णता कुठून तरी यावी लागते, आणि ओल्या वासराच्या बाबतीत तिचा मोठा भाग त्याच्या अंगातून येतो. समजा, त्याच्या केसांत अर्धा लिटर पाणी मुरले आणि ते सारे त्याच्याच उबेने सुकले. तर त्या कामी जवळजवळ अर्धा लिटर दुधातून मिळणारी शक्ती खर्ची पडली. वारा असेल तर ही वसुली सावकाराच्या घाईने होते. दुपारी ३५ अंश असलेली हवा गारपिटीनंतर थोड्याच वेळात १५-२० अंशांवर येऊ शकते. तुम्हाआम्हाला तो गारवा सुखाचा वाटतो. परंतु नुकत्या जन्मलेल्या वासराला, ते कोरडे असतानाही, हवा १०-१५ अंशांखाली गेली की ऊब राखण्यासाठी जादा शक्ती खर्चावी लागते. ओल्याला त्याहून बरीच आधी.

मग गाईला तेवढा त्रास का होत नाही? गाईच्या पोटात शेगडी असते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात कडबा-कुटार आंबत असते, आणि त्या आंबण्यातून अखंड ऊब निघते. वासराचा हा कारखाना अजून उघडलेलाच नसतो. ते पिते ते दूध त्या कप्प्याला वळसा घालून थेट शेवटच्या कप्प्यात जाते. चारा खाऊन पहिला कप्पा नीट कामाला लागायला दोन-तीन महिने जातात. तोवर त्याची भिस्त तीन गोष्टींवर: आईचे दूध, कुडकुडणे, आणि जन्मताना बरोबर आणलेली थोडी तपकिरी रंगाची चरबी. ही चरबी नेहमीच्या चरबीसारखी साठ्याची नव्हे. ती जळते ती केवळ ऊब देण्यासाठीच. मूत्रपिंडांभोवती तिचा साठा असतो आणि गारठ्यात तो फार दिवस पुरत नाही. म्हणून पहिल्या काही तासांत ज्याला चीक पोटभर मिळाला ते वासरू आणि ज्याचा चीक खरवसासाठी काढून घेतला ते वासरू, या दोघांची गारपिटीतली गत सारखी होत नाही.

आकाराचाही यात हात आहे. बशीतला चहा कपातल्यापेक्षा लवकर निवतो, हे आपण रोज पाहतो. वीस किलोच्या वासरापेक्षा दोन-सव्वादोन किलोचे करडू तसेच लवकर निवते. आणि करडाचे आणखी एक संकट आहे, ते त्याच्या स्वभावातून आलेले.

पिल्लांच्या दोन जाती असतात, मागे लागणारी आणि दडणारी. मेंढीचे कोकरू जन्मल्यापासून काही तासांत आईच्या मागे चालू लागते. कळप जिकडे, ते तिकडे. शेळीचे करडू, आणि पहिल्या काही दिवसांत गाईचे वासरूही, दडणारे. आई चरायला जाते आणि ते झुडपात अंग चोरून, मान जमिनीला लावून पडून राहते. आईच्या हाकेवाचून हलायचे नाही, हा त्याचा धर्म. लांडग्यापासून वाचायला याहून चांगली युक्ती नाही. पण गार वास घेत येत नाही. अंगणातले ते वासरू बारा दिवसांचे होते म्हणून पळाले. दोन दिवसांचे करडू पळत नाही. जितकी भीती जास्त, तितके ते जमिनीला अधिक चिकटून राहते.

त्याच दुपारी गावाबाहेर हरभऱ्याच्या सोंगणीला गेलेल्या बायांपैकी एकीने आपली शेळी बरोबर नेली होती. शेळी धुऱ्यावर बांधलेली, दोन दिवसांचे करडू बोरीच्या जाळीत. आभाळ फुटले तेव्हा बाया डोक्यावर टोपली-घमेली धरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली शिरल्या. शेळी ओरडत होती, पण टिपऱ्यांच्या आवाजात तिची हाक कोणाला ऐकू जाणार? गारा थांबल्यावर शोधले तर करडू जिथे ठेवले तिथेच होते. अंगावर जखम नाही. खालून पाणी वाहिलेले. बाईने त्याला पदरात घेतले, घरी नेऊन चुलीजवळ ठेवले आणि भुकेले असेल म्हणून बाटलीने दूध पाजले. रात्री ते गेले.

यात तिची चूक म्हणवत नाही. पण पशुवैद्य सांगतात ते ध्यानी घेण्याजोगे आहे. पिल्लाच्या तोंडात बोट घालून पाहावे. तोंड गार लागले आणि ते बोट चोखेना, तर दूध आधी पाजायचे नाही. ते फुप्फुसात उतरते. आधी कोरडे करायचे, तेही केसांच्या उलट दिशेने, खरखरीत पोत्याने, जोराने. गाय जिभेने जे करते तेच. मग कोरड्या कुटारात किंवा पोत्यात गुंडाळायचे, कोमट पाण्याच्या बाटल्या कापडात बांधून पोटाशी ठेवायच्या, आणि तोंड उबदार होऊन ते चोखू लागले की मग कोमट दूध, थोडे थोडे. निरोगी वासराच्या अंगाची उष्णता ३८.५ ते ३९.५ अंश असते, करडाचीही जवळपास तितकीच. आपल्याला जो ताप वाटेल ती त्यांची नेहमीची स्थिती. चुलीच्या अगदी तोंडाशी ठेवले तर कातडी पोळते आणि आतला गारठा तसाच राहतो.

आता हिमाकडे वळू. कोणी म्हणेल, लडाखमध्ये शून्याखाली वीस अंशांत पिल्ले जगतात, मग इथे वीस अंशांत का मरावीत? तिथले हिम कोरडे असते. याकच्या वासराच्या दाट केसांवर ते पडते आणि न वितळता तसेच राहते. पाठीवर हिम साचून आहे याचा अर्थच असा, की आतली ऊब बाहेर झिरपत नाही. इथल्या वासराचे आखूड, विरळ केस उन्हाळ्यासाठी झालेले. त्यांवर गार टेकली की पाणीच होते. आणि तिथले पशुपालकही पिल्लांना उघड्यावर सोडत नाहीत. चांगथांगच्या पठारावर पश्मिना शेळ्या राखणारे लोक नवी करडे तंबूत किंवा आडोशाला घेतात. तरीही २०१३ च्या आरंभी तिथे एवढे हिम पडले की चारा त्याखाली गाडला गेला आणि हजारो शेळ्या-करडे दगावली. थंडी त्यांच्या सवयीची होती. पोट रिकामे राहिले, तिथे सवय संपली.

आपल्याकडे आडोशाची रीत नव्हती असे नाही. मजुरीला जाताना करडू डाल्याखाली झाकून जाण्याची चाल जुनीच आहे. पण डाले घरी, आई रानात, मग दुपारचे दूध कोणी पाजायचे? म्हणून बाया करडू बरोबर नेतात. कामाच्या ठिकाणी मालकाने चार पत्र्यांचा आडोसा करावा, अशी मागणी आम्ही माणसांसाठी करीत आलो. त्यात बायांची लेकरे बसतील आणि करडेही, एवढी जागा असावी, हे मात्र मला त्या वर्षीच सुचले.

राहता राहिली भरपाई. गारपीट ही आपत्ती-निवारण निधीतून मदत मिळणाऱ्या आपत्तींच्या यादीत आहे. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेल्या निकषांत दुभत्या गाईम्हशीला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,०००, वासराला २०,००० आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये आहेत. वासराचे नाव त्यात वेगळे लिहिलेले आहे. करडाचे नाही. करडू म्हणजे शेळीच, असे आम्ही म्हणतो. लिहिणाऱ्याने तसे म्हटले तर बरे, न म्हटले तर वाद घालीत बसावे लागते. शिवाय पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर दाखवायला असावे लागते, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो, आणि ज्या घरी खायचे वांधे त्या घरी दोन किलोचे मेलेले करडू दोन दिवस कोण जपून ठेवणार? त्या बाईने ते पहाटेच पुरले होते. म्हणून आम्ही आता गावोगाव सांगतो, की पुरण्यापूर्वी शेजारच्याच्या मोबाईलवर शेळी व करडू एकत्र दिसेल असे छायाचित्र काढून घ्या, आणि त्याच दिवशी तलाठी व सरपंच यांना लेखी कळवून पोच घ्या. कागद साधा चालतो.

अंगणातले वासरू जगले. म्हातारीने स्वतःच उठून त्याला पोत्याने पुसले होते. भिंतीच्या सावलीत वळचणीला गारांचा ढीग संध्याकाळपर्यंत तसाच होता, आणि गाय सोडली तेव्हा ते तिच्या पलीकडच्या बाजूने, त्या ढिगाला वळसा घालून गेले.