देवघरातील दगडाचे मोल

परभणी जिल्ह्यात विहीर खणताना काळा पाषाण फुटला की त्याच्या पोकळ्यांतून पांढऱ्या गारा निघतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातील वायूचे बुडबुडे पुढे पाण्यातील खनिजांनी भरले, तेच हे स्फटिक. मजूर ते मुरुमाबरोबर बांधावर टाकतो. जळगाव, नाशिककडील खाणींत अशाच पोकळ्यांतून निघणारे स्टिल्बाइट, अपोफिलाइट मात्र ध्यानधारणेचे खडे म्हणून परदेशी दुकानांत विकले जातात. त्या किमतीशी खाणमजुराच्या रोजंदारीचा काडीचाही संबंध नसतो.

उपासनेसाठी दगड निवडण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. पंचायतनात नर्मदेचा बाण, गंडकीचा शाळिग्राम, सूर्यासाठी स्फटिक. शाळिग्राम म्हणजे वस्तुतः सागरी जीवाचा जीवाश्म. पण त्याचे मोल करणे पुराणांनी पाप ठरविले. तो वारशाने यावा, दानाने यावा. बाजारात ज्याची किंमतच करावयाची नाही अशी ही वस्तू! आज उलट, महाग खडा अधिक फलदायी, असा समज विक्रेत्यांनी रुजविला आहे. खड्याने रोग वा ग्रहदशा पालटते यास पुरावा नाही. चित्त स्थिर करावयास डोळ्यांपुढे काही असावे, एवढीच गरज असेल तर कारकुनाने त्यासाठी पगारातून हप्ते का फेडावेत? गार तर बांधावर पडलेलीच आहे.